मॅक्स रोच : ड्रमला बोलते करणाऱ्या सात ध्वनिमुद्रिका

#थ्रेड

१. जॅझचे रसिक आपल्या लाडक्या वादकाचे स्मरण एका ठरलेल्या रीतीने करतात. एक जण आपल्या आवडत्या ध्वनिमुद्रिकेचे नाव घेतो, दुसरा त्यास हरकत घेतो आणि तिसरा एखादी विस्मरणात गेलेली तबकडी पुढे करतो. १६ ऑगस्ट २००७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ड्रमवादक मॅक्स रोच याचे वयाच्या ८३ व्या वर्षी निधन झाले. तेव्हापासून त्याच्याविषयीचा असा वाद थांबलेला नाही. हा थ्रेड त्या वादातील सात ध्वनिमुद्रिकांचा आहे. कालक्रमाने ऐकल्यास त्यांतून एक प्रश्न उभा राहतो: संगत करणाऱ्याला स्वतःचे म्हणणे मांडण्याचा अधिकार केव्हा मिळतो?

२. आपल्याकडील मैफलीत गवई विस्तार करतो आणि तबलजी ठेका धरून असतो. दाद मिळते ती बहुधा समेवर आलेल्या गवयाला. जुन्या जॅझमध्ये ड्रमवादकाची स्थिती साधारण अशीच होती. लोक नाचत आणि त्यांची पावले चुकू नयेत म्हणून ड्रम वाजे. त्यात कसब नव्हते असे मुळीच नाही. मात्र ते कसब दुसऱ्याच्या सेवेत होते. इतिहासाच्या साधनांतही त्याला स्थान उशिराच मिळाले, आणि त्याचे एक कारण अगदी यांत्रिक होते.

३. विसाव्या शतकाच्या आरंभी वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून वाजवत. ध्वनीच्या कंपनाने सुई हाले आणि मेणाच्या तबकडीवर रेघ कोरली जाई. पायाने वाजणाऱ्या मोठ्या ढोलाचा धक्का बसला की ही सुई उडण्याची भीती असे. म्हणूनच १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरच्या वाद्यवृंदाचे प्रसिद्ध मुद्रण झाले, तेव्हा बेबी डॉड्ससारख्या थोर ड्रमवादकाला बहुतांशी लाकडी ठोकळ्यांवर भागवावे लागले. १९२५ नंतर विद्युत मायक्रोफोन आले आणि ही अडचण ओसरू लागली. तरी त्याआधीच्या तबकड्या ऐकून त्या काळी ड्रम कसा वाजत असे याचा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. यंत्राला जे पेलवले, तेवढेच आपल्यापर्यंत पोहोचले आहे.

४. रोचचा जन्म जानेवारी १९२४ मध्ये उत्तर कॅरोलायना राज्यात झाला. तो चार वर्षांचा असताना कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आले. दक्षिणेतील वर्णभेद आणि दारिद्र्य मागे टाकून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे त्या दशकांत उत्तरेकडील शहरांत गेली. रोच कुटुंब त्यांपैकीच एक होते. आई चर्चमधील भक्तिगीते गाणारी होती. मुलगा दहाव्या वर्षीच अशा गायनवृंदांबरोबर ड्रम वाजवू लागला. १९४२ मध्ये शालेय शिक्षण संपत असतानाच ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात सनी ग्रीअरच्या जागी बदली वादक म्हणून त्याला बोलावणे आले. तेव्हा तो १८ वर्षांचा होता. हा प्रसंग ध्यानात ठेवावा, कारण पुढे एका ध्वनिमुद्रिकेत त्याचा संदर्भ पुन्हा येतो.

५. त्या सुमारास हार्लेममधील मिंटन्स प्लेहाऊस या क्लबात केनी क्लार्क ड्रमची मांडणीच बदलत होता. तोवर लय धरण्याचे मुख्य काम पायाच्या मोठ्या ढोलाकडे होते. प्रत्येक मात्रेला त्याचा ठोका पडे. क्लार्कने ही जबाबदारी उजव्या हाताकडील मोठ्या झांजेवर, म्हणजे राइड सिंबलवर सोपवली. झांजेचा झंकार अखंड वाहू लागला आणि ढोल व डावा हात मोकळे झाले. आता ते अनपेक्षित जागी ठोका देऊन एकल वादकाला प्रश्न विचारू शकत, त्याच्या वाक्याला पुस्ती जोडू शकत. ठेका झांजेवर गेला आणि उरलेल्या ड्रमला वाचा फुटली. १९४३ मध्ये क्लार्क सैन्यात भरती झाला. ही नवी भाषा न्यूयॉर्कमध्ये पुढे नेणाऱ्यांत रोच अग्रभागी राहिला.

६. या बदलाचे नेमके टप्पे ध्वनिमुद्रिकांत सापडत नाहीत. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने मुद्रणावर बहिष्कार घातला होता. काही कंपन्यांनी १९४३ मध्ये तडजोड केली, तर दोन सर्वांत मोठ्या कंपन्यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये. बीबॉप ही नवी शैली नेमकी याच काळात आकार घेत होती. त्याआधीचा काही भाग जपला तो जेरी न्यूमन या विद्यार्थ्याने. १९४१ मध्ये तो आपले मुद्रणयंत्र घेऊन हार्लेमच्या क्लबांत जाई. त्याच्या हौसेमुळेच क्लार्कचे मिंटन्समधील वादन आज ऐकता येते. जॅझच्या इतिहासाचा बराच दस्तऐवज असा चाहत्यांनी घडवलेला आहे.

७. या शैलीच्या उदयामागे सरकारी कराचाही हातभार होता. युद्धखर्चासाठी १९४४ मध्ये केंद्र सरकारने नृत्य किंवा गायन चालणाऱ्या करमणूकगृहांवर ३० टक्के कर लावला. त्याच वर्षी तो २० टक्क्यांवर आणला गेला, तरी भार मोठाच होता. नृत्याची जागा बंद करून खुर्च्या मांडल्या आणि गायक वगळून केवळ वाद्यसंगीत ठेवले, तर हा कर टळे. पुढे मुलाखतींत रोचने स्वतः या कराकडे लक्ष वेधले आहे. नाचणारे गेले आणि बसून ऐकणारे आले. पावलांना सांभाळण्याच्या कामातून ड्रमवादक सुटला. त्याच्याकडे आता कानांनी लक्ष दिले जाणार होते.

८. पहिली ध्वनिमुद्रिका: ‘को-को’, २६ नोव्हेंबर १९४५. सॅव्हॉय कंपनीसाठी चार्ली पार्करने केलेले हे मुद्रण आहे. पार्करचा सॅक्सोफोन, डिझी गिलेस्पीचा ट्रम्पेट, कर्ली रसेलचा बास आणि २१ वर्षांच्या रोचचा ड्रम. रचना उभी होती रे नोबलच्या ‘चेरोकी’ या गाण्याच्या स्वरसंगतींवर. पहिल्या प्रयत्नात वादक मूळ गाण्याची चाल वाजवू लागले आणि मुद्रण मध्येच थांबवण्यात आले. मूळ चाल वापरली की तिच्या हक्काचे पैसे द्यावे लागत. केवळ स्वरसंगतींवर कोणाचा हक्क नसे. बीबॉपमधील कित्येक ‘नव्या’ रचनांचा जन्म या हिशेबातून झाला.

९. ‘को-को’ची गती मिनिटाला ३०० मात्रांच्या आसपास आहे. एवढ्या वेगात प्रत्येक मात्रेला ढोल बडवणे जवळपास अशक्य. तेथे क्लार्कची झांज उपयोगी पडते. पार्करच्या विस्तारामागे रोचची झांज एकसारखी वाहते आणि डावा हात मधूनमधून टिपण्या करतो. मग पार्कर थांबतो आणि काही सेकंद केवळ ड्रम उरतो. तबकडीची मर्यादा तीन मिनिटांची होती, तीत एवढा अवकाश ड्रमला देणे ही उदारता होती आणि विश्वासही. डॉड्सच्या काळी ज्या वाद्याला सुई घाबरत असे, त्याच्यासाठी आता इतर सर्व थांबले होते.

१०. चाहत्यांचे प्रेम दस्तऐवज जपते तसेच ते त्याची काटछाटही करते. डीन बेनेडेट्टी हा स्वतः सॅक्सोफोन वाजवी आणि पार्करचा निस्सीम भक्त होता. १९४७-४८ मध्ये त्याने क्लबांत जाऊन पार्करचे वादन टिपले. मुद्रणसाहित्य महाग असल्याने पार्करचा विस्तार संपला की तो बहुधा यंत्र बंद करी. १९४८ मध्ये पार्करच्या पंचकात ड्रमवर रोच होता. म्हणजे रोच त्या मुद्रणांत आहे खरा, पण पार्कर वाजवत असेपर्यंतच. पार्कर थांबल्यावर वादकांत जो संवाद झाला असेल, तो कायमचा गेला. १९९० मध्ये हा संग्रह प्रकाशित झाला तेव्हा तो अमोल ठरला. कोणाला ऐकायचे हे त्यात एका रसिकाने आधीच ठरवून ठेवले आहे, हेही विसरता येत नाही.

११. दुसरी ध्वनिमुद्रिका: मॅसी हॉल, टोरांटो, १५ मे १९५३. पार्कर, गिलेस्पी, पियानोवादक बड पॉवेल, बासवादक चार्ल्स मिंगस आणि रोच हे पाच जण एका रंगमंचावर आले. त्याच रात्री शिकागोत रॉकी मार्सियानो आणि जर्सी जो वॉलकॉट यांची मुष्टियुद्धाची लढत होती आणि सभागृह निम्मे रिकामे राहिले. पार्करच्या हाती प्लास्टिकचा सॅक्सोफोन होता. या कार्यक्रमाचे मुद्रण ‘डेब्यू रेकॉर्ड्स’ने काढले. ही कंपनी १९५२ मध्ये मिंगस आणि रोच यांनी उभारण्यात पुढाकार घेतला होता. कृष्णवर्णीय वादकांनी वाजवायचे आणि तबकडीचा नफा इतरांनी न्यायचा, या व्यवस्थेला त्यांनी दिलेले ते उत्तर होते.

१२. मॅसी हॉलच्या तबकडीवर पार्करचे नाव ‘चार्ली चॅन’ असे छापले गेले, कारण तो दुसऱ्या कंपनीशी करारबद्ध होता. मूळ मुद्रणात बास नीट ऐकू येईना, म्हणून मिंगसने पुढे स्टुडिओत स्वतःचा बास त्यावर पुन्हा वाजवला. ‘प्रत्यक्ष मैफलीचे मुद्रण’ म्हणून जे ऐकले जाते, त्याचा काही भाग असा नंतरचा आहे. त्याच मैफलीतील रोचच्या एकल वादनाला ‘ड्रम कॉन्व्हर्सेशन’ हे नाव आहे. ड्रमचा संवाद. बाकीचे चार दिग्गज गप्प आणि श्रोते ड्रमचे बोलणे ऐकत आहेत. आठ वर्षांपूर्वी ‘को-को’मध्ये मिळालेले काही सेकंद येथे स्वतंत्र रचना झाले.

१३. तिसरी ध्वनिमुद्रिका: ‘स्टडी इन ब्राउन’, फेब्रुवारी १९५५. १९५४ मध्ये रोचने तरुण ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउनसह पंचक स्थापन केले. नाव दोघांचे, म्हणजे ड्रमवादक येथे बरोबरीचा धनी. या तबकडीची सुरुवात ‘चेरोकी’ने होते. दहा वर्षांपूर्वी ज्या गाण्याची चाल वाजवताच मुद्रण थांबले होते, तीच चाल येथे उघडपणे येते. दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकावीत. पाया एकच, वेगही चढा. फरक असा की ‘को-को’त एक ज्वालाग्राही घाई आहे, तर येथे तोच वेग सहज वाटतो. रोच ड्रमचे स्वर अतिशय काळजीपूर्वक जुळवून घेई. त्यामुळे त्याच्या विस्तारात उंच-खालच्या स्वरांची एक चाल जाणवते, तबल्यावर डाव्या-उजव्याच्या नादांतून जाणवावी तशी.

१४. २६ जून १९५६ रोजी पेनसिल्व्हेनियातील महामार्गावर मोटार अपघातात ब्राउन, पंचकाचा पियानोवादक रिची पॉवेल आणि त्याची पत्नी नॅन्सी यांचा मृत्यू झाला. ब्राउन २५ वर्षांचा होता. रोच कोसळला. तो दीर्घकाळ शोकात आणि मद्यात बुडालेला राहिला. या अपघाताच्या अवघ्या चार दिवस आधी, २२ जून १९५६ रोजी, रोचने पंचकातील सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्ससाठी एक मुद्रण केले होते. ती चौथी ध्वनिमुद्रिका.

१५. ‘सॅक्सोफोन कलॉसस’. हीत ‘सेंट थॉमस’ ही कॅरिबियन ढंगाची रचना आहे आणि ‘ब्लू सेव्हन’ हा संथ ब्लूज. १९५८ मध्ये संगीतकार व समीक्षक गुंथर शुलर याने ‘ब्लू सेव्हन’वर एक निबंध लिहिला. रॉलिन्स एका लहानशा स्वरकल्पनेतून संपूर्ण विस्तार कसा उभारतो हे त्याने तपशिलाने दाखवले. त्याने रोचच्या ड्रमचेही तसेच विश्लेषण केले. रोच दोन छोट्या कल्पना घेतो: तीन-तीन ठोक्यांचा एक तुकडा आणि स्नेअर ड्रमवरील एक घुमारा. त्यांची अदलाबदल करत, त्यांना ताणत आणि आक्रसत तो एक बांधेसूद रचना घडवतो. तबल्याचे एकल वादन ऐकणाऱ्याला ही रीत ओळखीची वाटेल. कायद्याचे मोजके बोल घेऊन त्यांचे पलटे करत जावे, तसे हे आहे. जॅझच्या समीक्षेत मात्र ड्रमच्या विस्ताराला रचना मानून त्याचे इतके बारीक वाचन होणे ही तेव्हा नवी गोष्ट होती.

१६. आता १९६० हे वर्ष. १ फेब्रुवारी रोजी उत्तर कॅरोलायनातील ग्रीन्सबरो शहरात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहाच्या काउंटरवर जाऊन बसले आणि उठण्यास त्यांनी नकार दिला. रोचच्या जन्मराज्यातील ही घटना पाहता पाहता दक्षिणेत पसरली. २१ मार्च रोजी दक्षिण आफ्रिकेतील शार्पव्हिल येथे पासकायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात ६९ जण मारले गेले. जुलैमध्ये न्यूपोर्टच्या प्रतिष्ठित जॅझ महोत्सवाला शह देण्यासाठी मिंगस आणि रोच यांनी त्याच गावात वादकांचा स्वतंत्र महोत्सव भरवला. जो पाठीमागे बसून साथ करी, तो आता व्यवस्थेशी भांडत होता.

१७. पाचवी ध्वनिमुद्रिका: ‘वी इन्सिस्ट! फ्रीडम नाऊ स्वीट’. मुद्रण ३१ ऑगस्ट आणि ६ सप्टेंबर १९६०, न्यूयॉर्क. निर्माता नॅट हेंटॉफ, कंपनी कॅन्डिड. गुलामगिरी संपवणाऱ्या १८६३ च्या जाहीरनाम्याची शताब्दी १९६३ मध्ये येणार होती. तिच्यासाठी रोच आणि गीतकार ऑस्कर ब्राउन ज्युनिअर एक मोठी रचना करत होते. घटनांनी रोचला शताब्दीपर्यंत थांबू दिले नाही. मुखपृष्ठावरील छायाचित्रात उपाहारगृहाच्या काउंटरवर बसलेले तीन कृष्णवर्णीय पुरुष कॅमेऱ्याकडे वळून पाहतात आणि पलीकडे गोरा नोकर उभा आहे. नावातला ‘नाऊ’, म्हणजे ‘आत्ता’, हा शब्द सर्वांत महत्त्वाचा.

१८. रचनेचे पाच भाग आहेत. पहिला ‘ड्रायव्हा मॅन’ गुलामांवर चाबूक चालवणाऱ्या मुकादमाविषयी आहे. गायिका ॲबी लिंकन. लय पाच मात्रांची आणि प्रत्येक आवर्तनाच्या आरंभी ड्रमच्या काठावर एक कोरडा कडाका. तो चाबकाचा आवाज आहे. नृत्याला साथ देण्यासाठी जन्मलेल्या वाद्याकडे येथे छळाची स्मृती सांगण्याचे काम आले आहे. सॅक्सोफोनवर ज्येष्ठ कोलमन हॉकिन्स आहे. त्याच्या वादनात एके ठिकाणी स्वर चिरकतो. पुन्हा मुद्रण करू असे सुचवले गेले तेव्हा हॉकिन्सनेच ते नाकारले, असे हेंटॉफने सांगितले आहे. अशा विषयाची रचना सर्वांगी निर्दोष असणे हाच दोष, असे त्याचे मत होते.

१९. दुसरा भाग ‘फ्रीडम डे’. गुलामगिरी संपल्याची वार्ता आली आहे, पण ऐकणाऱ्याला ती खरी वाटत नाही. लयीतच एक अस्वस्थ धाव आहे. तिसरा भाग ‘ट्रिप्टिक’ हा या रचनेचा गाभा. प्रार्थना, निषेध, शांती असे त्याचे तीन खंड. सुमारे आठ मिनिटे केवळ दोघे आहेत, लिंकनचा आवाज आणि रोचचा ड्रम. शब्द एकही नाही. मधल्या खंडात लिंकन किंचाळते. ही किंकाळी मिनिटभराहून अधिक चालते आणि ड्रम तिच्यासोबत फुटत जातो. त्या काळी जॅझ गायिकेकडून मधुर प्रेमगीतांची अपेक्षा असे. तिने येथे गोडवा पूर्णपणे बाजूला ठेवला. शेवटच्या खंडात उरतो तो थकलेला श्वास.

२०. चौथा भाग ‘ऑल आफ्रिका’. लिंकन आफ्रिकेतील जनसमूहांची नावे उच्चारत जाते आणि नायजेरियाचा तालवादक ओलातुंजी योरुबा भाषेत प्रत्युत्तर देतो. १९६० मध्ये आफ्रिकेतील १७ देश स्वतंत्र झाले. मुद्रणानंतर अवघ्या साडेतीन आठवड्यांनी, १ ऑक्टोबर रोजी, नायजेरियाही स्वतंत्र झाला. अखेरचा भाग ‘टिअर्स फॉर जोहान्सबर्ग’, शार्पव्हिलच्या बळींसाठी. अमेरिकेतील मळ्यापासून सुरू झालेली रचना दक्षिण आफ्रिकेत येऊन थांबते. दोन्हीकडचा अन्याय एकच आहे, हे सांगण्यासाठी तिला वेगळ्या भाषणाची गरज भासत नाही.

२१. याची किंमत मोजावी लागली. १९ मे १९६१ रोजी कार्नेगी हॉलमध्ये माइल्स डेव्हिसचा कार्यक्रम होता. त्याचे उत्पन्न ज्या संस्थेला जाणार होते, तिच्याविषयी आफ्रिकी राष्ट्रवाद्यांना संशय होता. रोच फलक घेऊन रंगमंचावर जाऊन बसला आणि त्याला तेथून हटवण्यात आले. डेव्हिस त्याचा जुना मित्र होता, ‘को-को’च्या दिवशी स्टुडिओत हजर असलेला. त्याच वर्षी लिंकनची ‘स्ट्रेट अहेड’ ही तबकडी आली. तिच्यावरील परीक्षणात समीक्षक आयरा गिटलर याने ती आपल्या वर्णाचे भांडवल करते असा आरोप केला. त्यावरून मार्च १९६२ मध्ये ‘डाउन बीट’ मासिकाने जॅझमधील वर्णद्वेषावर चर्चा छापली. तीत लिंकन आणि रोच यांनी टीकाकाराला समोरासमोर उत्तर दिले. संगीत कसे ऐकायचे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा त्या चर्चेचा खरा विषय होता.

२२. सहावी ध्वनिमुद्रिका: ‘मनी जंगल’, १७ सप्टेंबर १९६२. ड्यूक एलिंग्टनचा पियानो, मिंगसचा बास, रोचचा ड्रम. वीस वर्षांपूर्वी जो मुलगा एलिंग्टनच्या वृंदात बदली वादक म्हणून बसला होता, तो आता तिघांपैकी एक म्हणून समोर होता. शीर्षकाच्या रचनेत तिघेही एकमेकांना जागा द्यायला तयार नसल्यासारखे वाजवतात. ‘फ्लुरेट आफ्रिकेन’मध्ये मात्र रोच इतका अलवार होतो की ड्रम कोठून येतो आहे हे शोधावे लागते. मोठ्याने बोलण्याचा अधिकार मिळवलेल्या माणसाचे हे हलके बोलणे आहे. ‘फ्रीडम नाऊ’नंतर ते मुद्दाम ऐकावे.

२३. सातवी ध्वनिमुद्रिका: ‘ड्रम्स अनलिमिटेड’, १९६६. तीत तीन रचना केवळ ड्रमच्या आहेत. त्यांतली ‘द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस’ आज जगभरचे ड्रम शिकणारे विद्यार्थी वाजवतात. तिची घडण अगदी साधी आहे. तीन मात्रांचे आवर्तन. पहिल्या मात्रेला उजव्या पायाने ढोल आणि दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेला डाव्या पायाने हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी. हा ठेका अखेरपर्यंत बदलत नाही. पाय लेहरा धरतात आणि त्यावर हात गातात. संगतकार आणि एकल वादक ही दोन्ही कामे एकाच देहात एकवटली आहेत. मधले मौनही मोजून ठेवलेले आहे. पाय चालू असतात, हात थांबतात आणि श्रोता पुढच्या वाक्याची वाट पाहतो.

२४. याच तबकडीवरील ‘फॉर बिग सिड’ ही एकल रचना सिड कॅटलेटच्या स्मरणार्थ आहे. १९५१ मध्ये निधन पावलेला कॅटलेट जुन्या पिढीचा ड्रमवादक होता आणि जुन्या व नव्या दोन्ही शैलींच्या वादकांना हवाहवासा होता. येथे एक ड्रमवादक दुसऱ्याची आठवण ड्रमवरच काढतो. रोचच्या क्रांतीत पूर्वसूरींविषयी तुच्छता नाही. ज्यांना मुद्रणाने पुरेसे ऐकले नाही त्यांची नावे तो स्वतःच्या तबकडीवर लिहून ठेवतो. आवडत्या वादकाची आठवण ध्वनिमुद्रिकेतून काढण्याची रसिकांची रीत येथे त्यानेच पाळली आहे.

२५. पुढील चाळीस वर्षांचा आलेख थोडक्यात. १९७० मध्ये केवळ तालवाद्यांचा ‘एम-बूम’ हा समूह. १९७२ पासून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲम्हर्स्ट येथील शाखेत अध्यापन. १९७९ मध्ये पियानोवादक सेसिल टेलरबरोबर न्यूयॉर्कमध्ये मुक्त शैलीतील युगुलवादन. १९८३ मध्ये हिप-हॉप कलावंत फॅब फाइव्ह फ्रेडीबरोबर कार्यक्रम. तरुणांच्या या नव्या संगीताकडे त्याच्या पिढीतील अनेकांनी पाठ फिरवली असता रोचला त्यात आपलीच परंपरा दिसली. ‘जॅझ’ हे नाव मात्र त्याला अखेरपर्यंत रुचले नाही, ते बाहेरच्यांनी चिकटवलेले आहे असे तो मानी. १९८८ मध्ये त्याला मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली.

२६. २०१४ मध्ये अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने रोचचा दप्तरसंग्रह आपल्याकडे आल्याचे जाहीर केले. २०२२ मध्ये ‘फ्रीडम नाऊ स्वीट’ राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत दाखल झाली. म्हणजे ज्या सरकारला ती रचना जाब विचारत होती, त्याच्याच ग्रंथालयाने तिला जतनयोग्य ठरवले. हा गौरव रास्त आहे. त्यात एक धोकाही आहे. संग्रहालयात गेलेली किंकाळी ऐकण्याऐवजी तिला नमस्कार करून पुढे जाणे सोपे असते. १९६४ मध्ये बेल्जियमच्या दूरचित्रवाणीवर रोच आणि लिंकन यांनी ही रचना सादर केली होती, ते चित्रण उपलब्ध आहे. ते पाहिल्यावर हा नमस्कार तितका सोपा राहत नाही.

२७. ऐकण्याचा क्रम: ‘को-को’ (१९४५), मॅसी हॉलमधील ‘ड्रम कॉन्व्हर्सेशन’ (१९५३), ‘चेरोकी’ (१९५५), ‘ब्लू सेव्हन’ (१९५६), ‘ट्रिप्टिक’ (१९६०), ‘फ्लुरेट आफ्रिकेन’ (१९६२), ‘द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस’ (१९६६). सातांपैकी कोणती श्रेष्ठ यावर रसिकांचे एकमत होणार नाही आणि ते होण्याची गरजही नाही. एक सूचना मात्र करण्यासारखी आहे. ‘को-को’ दुसऱ्यांदा लावाल तेव्हा पार्करचा सॅक्सोफोन थोडा बाजूला ठेवा आणि सुरुवातीपासून कान झांजेवर लावा. बेनेडेट्टी जेथे यंत्र बंद करी, तेथून पुढेही ऐकत राहा.

#जॅझ #इतिहास #मॅक्सरोच